सिहोऱ्यातला हुआपांगो

धान कापायला आलेल्या पाहुण्यानं पहिल्याच दिवशी धान सोडून स्वतःचं बोट कापून घेतलं, ही बातमी पाहुण्याच्या आधीच सिहोऱ्याच्या आरोग्य केंद्रात येऊन पोचली होती. मागोमाग पाहुणा आला. उंच, सावळा, डाव्या हाताला बहिणीची गुलाबी ओढणी गुंडाळलेला, आणि चेहऱ्यावर वेदनेपेक्षा लाजच जास्त.

"सिस्टर, हा आपल्या डिंपलचा भाऊ, विनोद," केंद्रात मदतीला असणाऱ्या कुंताबाईंनी ओळख करून दिली. "चिखल्याचा. मोठा इंजिनेर आहे म्हनते. पन इळा धरता येत नाही त्याले."

"मले इळा धरता आला नाही, खरं आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पन इळ्यानं मले बरोबर धरलं."

रुचितानं ओठ आवळून हसू आवरलं. डॉक्टरांनी टाके घातले आणि ते पुढच्या पेशंटकडे वळले. पट्टी बांधायचं काम तिचं. ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. त्याच्या अंगाला ओल्या तणसाचा वास येत होता, आणि तिच्या हाताला नेहमीचा स्पिरिटचा. तो बोटाकडे पाहतच नव्हता. तिच्या हातांकडे पाहत होता... निदान तिला तसं वाटलं.

"सिस्टर, एक विचारू?"

"विचारा."

"हे बोट पहिल्यासारखं वळंल ना? म्हंजे — मले वाजवा लागते."

"काय वाजवता?"

"हाराना."

"कोण हरला?"

"कोणी हरलं नाही. हाराना — लहानशी गिटार असते, पाच तारांची. मेक्सिकोची."

रुचितानं पट्टी तशीच धरून त्याच्याकडे नीट पाहिलं. "पडले होते तर डोक्याले नाही ना लागलं कुठं?"

तो एवढ्या मोकळ्यानं हसला की बाकावरच्या म्हाताऱ्या दचकल्या. "खरंच सांगतो. मी तर नाव हिंदीतून ध्यानात ठेवलं. हारा ना! हरलाच नाही तो."

"बोट वळंल," ती पट्टीची गाठ मारत म्हणाली. "पन दिवसाआड पट्टी बदलाले यावं लागंल. अन् इळ्याच्या जवळ जायचं नाही."

"इळ्याच्या नाही जाणार," तो उठत म्हणाला. "दवाखान्याच्या जवळ आलं तर चालते ना?"

कुंताबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

तो दिवसाआड येऊ लागला. आला की म्हाताऱ्यांशी बोलायचा, कुंताबाईंना मेक्सिकोतल्या मिरच्यांच्या गोष्टी सांगायचा, आणि पट्टी बदलताना मात्र गप्प व्हायचा. त्या गप्प राहण्याची रुचिताला हळूहळू सवय होऊ लागली. एकदा त्यानं गुडघ्यावर उजव्या हातानं ठेका धरला होता — वेगळाच, उड्या मारत पुढं जाणारा. तिच्याही नकळत तिची टाच जमिनीवर आपटली. एकदाच. तिनं पाय मागं घेतला.

पण कुंताबाईंनी ते पाहिलं होतं. "तुमी आमच्या सिस्टरचा आवाज आयकला नाही, इंजिनेरसाहेब. भीमजयंतीले ह्या दोघा बहीणभावाचं गाणं आयकाले तुमसरवरून लोकं ये—"

"कुंताबाई!"

खोली एकदम थंड झाली. कुंताबाईंनी जीभ चावली आणि झाडू घेऊन व्हरांड्यात गेल्या. रुचितानं पट्टी पुरी केली. जाताना तो दारात थांबला.

"माफ करा... मले माहीत नव्हतं."

"तुम्हाले काहून माफी मागायची?" ती खिडकीकडे पाहत म्हणाली. "या तुम्ही."

तो निघून गेला. आणि या माणसाशी आपण असं तुटक बोलायला नको होतं, हे दिवसभर तिला टोचत राहिलं.

रुचिता मेश्राम आणि तिचा मोठा भाऊ जीवन. वडील दोघांच्या लहानपणीच गेलेले. आई वच्छलाबाईंनी लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणी करून, कापणी करून दोघांना वाढवलं, आणि रोवणीची गाणी गातगातच त्यांना सुरात वळवलं. पुढं भावाबहिणीची जोडी भीमगीतांसाठी गावोगाव बोलावली जाऊ लागली. रुचिता ओळ टाकायची आणि जीवन मागून झील धरायचा. चेंडू झेलावा तशी तो तिची ओळ झेलायचा, आणि उंच करून तिच्याकडे परत टाकायचा. दोन वर्षांपूर्वी भंडाऱ्याहून येताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. त्या दिवशी रुचिताची ड्युटी होती, म्हणून ती सोबत नव्हती.

त्यानंतर घरात गाणं झालं नाही. जीवनचं नावही निघत नव्हतं. आई नुसतं "थो", म्हणजे तो, एवढंच म्हणायची, आणि रुचिता तेवढंही म्हणत नसे. एकदा विहिरीवर कुणी नसताना तिनं गाऊन पाहिलं होतं. पहिली ओळ गळ्यातून निघाली. पण त्या ओळीच्या मागं जी शांतता आली, ती तिला ऐकवेना. बादली तशीच टाकून ती घरी आली होती.

टाके काढायच्या दिवशी तो दुपारी आला. काम आटोपल्यावर रुचिता स्वतःहूनच म्हणाली, "बसा थोडं. कडुलिंबाखाली सावली आहे."

तिथं, डबा मांडीवर ठेवून, तिनं त्याला जीवनचं सांगितलं. फार थोडं. पण तिनं नाव घेतलं, आणि घेतल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

विनोदनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझा बाबा तेजराम. चिखल्याच्या खाणीत खाली उतरून राबला सारी जिंदगी, मले शिकवाले. शिकलो, तर कंपनीनं मेक्सिकोले पाठवलं. वास्तेका म्हणते त्या भागाले. साता समुद्रापार गेलो अन् पाह्यतो तर काय — तोच मॅंगनीज, तोच काळा दगड!" तो जरासा हसला. "कोरोनाच्या वर्षी बाबा गेला. विमानं बंद. फोनवर पाह्यलं सारं... अन् रेंज मधातच गेली."

रुचिताच्या हातातला घास हातातच राहिला.

"माझी घरमालकीण, दोन्या चेलो. दोन्या म्हंजे आपण बाई म्हणतो ना, तसं. मी खोलीत बसून राहिलो. जेवण नाही, बोलणं नाही. तर तिचा म्हातारा, लाझारो, त्याचे दोन सोबती घेऊन अंगणात आला. एक व्हायोलिन, एक मोठी गिटार, एक हाराना. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी वाजवाच्या चाली असते. विनुएते म्हणते त्याले. बोल नसते, नुसतं वाजवते. मी बाहेर आलो अन् म्हटलं, आजी, आम्ही बौद्ध आहो. आत्मा फिरून येते, बसून आयकते, असं आम्ही मानत नाही. कशाले वाजवता?"

"मंग?"

"म्हणाली, नाही येत तर नको येऊ दे. गाणं तुह्यासाठी आहे. तू जिता आहेस ना?"

कडुलिंबाची दोनचार पिवळी पानं डब्यात पडली. कुणीच ती काढली नाहीत.

"तवा मी पहिल्यांदा रडलो," विनोद म्हणाला. "अन् नोव्हेंबर आला, त्यांच्यात गेलेल्या माणसांचा सण असते तवा, तर तिनं दारावर झेंडूची कमान केली. त्याच्याखाली तिच्या घरच्या फोटोंमधी बाबाचाही फोटो. मीच दिला नेऊन. मंग म्हाताऱ्यानं हाराना हातात दिली. म्हणाला, बसून काय राहतोस, शिक."

रुचिता हळूच म्हणाली, "चांगले लोकं होते."

"लय," तो म्हणाला. आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत सरळ पाहून — "उद्या या ना खळ्यावर. बोट वळते का नाही, तपासा लागंल ना सिस्टरले?"

ती गेली. तपासायलाच गेली, असं तिनं स्वतःला बजावलं.

डिंपलच्या खळ्यावर धानाचे पुंजणे उंच रचलेले होते. उन्हं कलली होती, आणि सारं खळं नव्या साळीच्या वासानं भरून गेलं होतं. बैलबंडीच्या फळ्यांवर विनोद पाय सोडून बसला होता, मांडीवर ती लहानशी गिटार. तो गाऊ लागला आणि रुचिता दचकलीच. साधा चाललेला त्याचा आवाज मध्येच टणकन उडी मारून वर गेला, टिटवीसारखा, आणि तितक्याच अलगद खाली उतरला.

"असंच करते थो," डिंपल सुपातून मान वर करून म्हणाली. "काल शेजारची गिरजाबाई पळत आली. म्हने, तुह्या भावाले काही चावलं का वं?"

रुचिता हसली. पदर दातांत धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"हसा, हसा," तो म्हणाला. "याले हुआपांगो म्हणते. एकट्याचं गाणंच नाही हे. एकानं दोन ओळी टाकाच्या, दुसऱ्यानं तिथल्या तिथं जबाब द्याचा. जबाबाबिगर गाणं पुढं सरकतच नाही. गावाकडं आल्यापासून मी नुसताच सवाल करून राहिलो... कोणी आयकतच नाही."

"मले तुमची भाषा येत नाही."

"मले तुमची येते ना." आणि त्यानं तारा छेडल्या.

*दवाखान्याच्या दारी माय, रोज रोज येतो,*
*बोट झालं बरं, तरी दुखते म्हनतो!*

डिंपलचं सूप थांबलं. रुचिताचे कान तापले. हाराना तोच ठेका धरून फिरत राहिली, वाट पाहत राहिली. एक फेरा... आणखी एक. जागा मोकळी होती. तिच्या ओळीच्या मागं शांतता येणार नव्हती या वेळी. तिच्या पुढ्यात एक ओळ येऊन पडली होती, आणि कुणीतरी झेलायची होती.

*दुखते म्हननाऱ्याले मोठी सुई टोचते,*
*खोटं बोलनाऱ्याचं सारं मले कळते!*

तिच्या गळ्यातून ते कसं निघालं, तिलाच कळलं नाही. शेवटच्या शब्दावर तिचा आवाजही उडी मारून वर गेला आणि तिथंच थरथरला. डिंपलनं टाळी वाजवली. विनोद मात्र वाजवणं न थांबवता तिच्याकडे पाहत होता... डोळे भरून.

आणि मग रुचिताला ते एकदम आठवलं. ती गात होती. जीवन नाही आणि ती गात होती, हसत होती, एका परक्या माणसासमोर. तिनं तोंडावर हात घट्ट दाबला, तरी हुंदका फुटलाच.

विनोद उठला नाही. "रडू नका" म्हणाला नाही. त्यानं ठेका तेवढा हळू केला, आणि ती रडत होती तोवर वाजवत राहिला. तो थांबला असता तर ती पळूनच गेली असती. तो थांबला नाही, म्हणून ती बंडीच्या चाकाला टेकून, दोन वर्षांचं सारं रडून घेऊ शकली.

गावात अशी गोष्ट लपत नाही. रविवारी सकाळी रुचिता पुन्हा खळ्यावर होती, आणि वच्छलाबाई तरातरा चालत तिथं आल्या. डोक्यावरचा फडका तसाच, पायांना माती.

"रुचिता, घरी चाल. लोकं काय म्हनून राहिले, माहीत आहे? थो जाऊन दोन वर्सं होऊन राहिले, अन् बहीण खळ्यावर गाने म्हनते!"

"आई—"

"चाल म्हनते ना!"

रुचिता उठली. पण वच्छलाबाईंचाच पाय निघेना. बंडीवर विनोद पाठमोरा बसला होता, वाजवण्याच्या नादात त्याला कुणी आल्याचं कळलंच नव्हतं. तो खाली मान घालून काहीतरी वाजवत होता. आजचं ते उड्या मारणारं नव्हतं. संथ, सरळ, एकेक पाऊल जपून टाकल्यासारखं. चाल संपली तेव्हा त्याला मागं कुणी उभं असल्याचं जाणवलं. तो गडबडून उतरला. "जयभीम, मावशी."

"जयभीम." वच्छलाबाईंची नजर हारानावर गेली. "हे कायचं गानं होय? बोल नाहीत का याले?"

"नाही, मावशी. गेलेल्या माणसासाठी वाजवते हे. माझ्या बाबासाठी वाजवून राहिलो होतो."

"तुह्या बाबाले आयकू येते का?"

"नाही."

"मंग?"

"मले येते," विनोद म्हणाला.

वच्छलाबाई तिथंच तणसावर बसल्या. रागानं आलेलं सगळं बळ कुठं गेलं कोण जाणे. त्यांनी डोक्यावरचा फडका काढून हातात घेतला, आणि तो पिळत, पीळ सोडत म्हणाल्या —

"आमच्या जीवनचा दिवस येऊन राहिला. तवा येशीन?"

रुचितानं आईकडे पाहिलं. जीवन. आई जीवन म्हणाली होती.

जीवनच्या स्मृतिदिनी दुपारी अंगण सारवलेलं होतं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लावल्या होत्या, आणि शेजारी जीवनचा फोटो — खळखळून हसताना काढलेला, म्हणूनच इतके दिवस पेटीत ठेवलेला. विनोदनं चिखल्याहून, आपल्या आईच्या परसातला, टोपलीभर झेंडू आणला होता. वच्छलाबाईंनी न विचारता त्याची माळ केली आणि दाराला लावली. शेजारपाजारचे पांढऱ्या कपड्यांत येऊन बसले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग विनोदनं ती बिनशब्दांची चाल वाजवली, आणि अंगणात कुणी खोकलंसुद्धा नाही.

चाल संपताच रुचिता उभी राहिली. असं काही ठरलेलं नव्हतं. जीवननं स्वतः बांधलेलं एक गाणं होतं, जयंतीला दोघं त्यानंच सुरुवात करायची. तिनं विनोदकडे पाहिलं. त्यानं मान हलवून बारीक ठेका धरला, तो पाण्यासारखा झुळझुळणारा, वास्तेकातल्या डोंगरांमधून आलेला ठेका. जीवनचे शब्द त्यावर असे बसले, जणू ती चाल त्यांचीच वाट पाहत होती.

*अंधाऱ्या घरात माह्या दिवा कोनं लावला?*

पुढची ओळ जीवनची. झील त्याची. कुंताबाईंच्या तोंडून ऐकून विनोदला ती ओळ माहीत झाली होती, तो म्हणू शकला असता. पण त्यानं म्हटली नाही. ती जागा त्यानं मोकळी ठेवली, नुसत्या तारा वाजत राहिल्या. रुचितानं डोळे मिटले. तीच शांतता आता येणार...

*भीमानं लावला, माय, भीमानं लावला...*

आवाज म्हातारा होता, थोडा फाटलेला, पण सुरात. बांधीत कमरेपासून वाकून रोवणी करताना पोरांनी जो ऐकला होता, तोच. वच्छलाबाई भिंतीला टेकून, फोटोकडे बघत, पोराची झील धरत होत्या.

रुचितानं पुन्हा ओळ टाकली. आईनं पुन्हा झेलली. तिसऱ्यांदा कुंताबाई मिसळल्या, मग डिंपल, मग सारं अंगण. गाणं संपलं तेव्हा आई रडतही होती आणि पदरानं डोळे पुसत म्हणतही होती, "कोनी उठू नका, खीर खाऊनच जा. माह्या जीवनले खीर लय आवडे."

संध्याकाळी लोक पांगले. आई आत चुलीशी होती. अंगणात रुचिता पाकळ्या गोळा करत होती आणि विनोद हारानाच्या तारा पुसत होता. 

"कधी जाता मंग?" शेवटी तिनंच विचारलं, खाली पाहत.

"कुठं?"

"मेक्सिकोले. कुंताबाई सांगत होती, कंपनीनं बोलावलं म्हणून."

"कुंताबाईले अर्धीच बातमी भेटली. बोलावलं, खरं आहे. मी नाही म्हणून कळवलं. तुमसरले खाणीच्या मोजणीचं काम भेटलं मले."

रुचिताच्या हातातल्या पाकळ्या गळून पडल्या. "काहून नाही म्हटलं?"

"आई चिखल्याले एकटी आहे... अन्—"

"अन् काय?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो पाहून त्याचा चेहराच उजळला. "दोन्या चेलो! आज वाजवणार म्हणून सांगितलं होतं मी."

पडद्यावर एक सुरकुतलेला, गोल, हसरा चेहरा आला. तिकडं नुकतं उजाडत होतं. मागं कोंबडा आरवत होता, चुलीवर मोठं पातेलं होतं, आणि पलीकडं एक म्हातारा टोपी शोधत होता. रुचिता पाहतच राहिली. या दोघांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. सिहोरा कुठं आहे, त्यांना ठाऊक नव्हतं. आणि त्यांनी एका परक्या पोराला रडायला अंगण दिलं होतं, म्हणून आज तिच्या अंगणात तिच्या आईनं गाणं म्हटलं होतं. हे कुठं आणि कसं फेडायचं?

"धन्यवाद कसं म्हणते त्यांच्यात?" तिनं कुजबुजत विचारलं.

"ग्रासियास."

तिनं दोन्ही हात जोडले. "ग्रासियास," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली, "ग्रासियास, आजी."

म्हातारीनं छातीवर हात ठेवला. मग डोळे बारीक करून तिला निरखलं, विनोदला निरखलं, आणि भरभर काहीतरी विचारलं. विनोदचे कान लाल झाले. तो पुटपुटत काहीतरी दोन शब्द बोलला.

"काय विचारलं त्यांनी?"

"काही नाही... खीर गोड झाली का म्हणे."

"अन् तुम्ही काय म्हटलं?"

"म्हटलं... अजून नाही."

"खीर अजून गोड नाही झाली?" रुचितानं कंबरेवर हात ठेवला. "खोटं बोलणाऱ्याचं सारं मले कळते, सांगितलं होतं ना? खरं सांग, विनोद."

ती पहिल्यांदाच "विनोद" म्हणाली होती. "सांग" म्हणाली होती. त्यानं एक श्वास घेतला. "त्यांनी विचारलं... हेच का तुही... म्हंजे — जिच्यावर तुहं मन आहे ते हेच का, अन् तिचं आहे का तुह्यावर? मी म्हटलं, अजून नाही. म्हंजे माहं आहे... बोट कापलं त्या दिवसापासून आहे. पन तुहं... मले काय माहीत?"

अंगणात झेंडूचा उग्र, गोड वास भरून राहिला होता. पडद्यावरची म्हातारी कान टवकारून बसली होती, एक शब्दही कळत नसताना सगळं कळल्यासारखी.

"आपल्या 'हो'ले त्यांच्यात काय म्हणते?" रुचितानं विचारलं.

"...सी."

रुचितानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला, तोंडाजवळ धरला आणि पडद्याकडे नाही, विनोदकडे पाहत म्हणाली —

"सी, दोन्या चेलो. सी!"

तिकडं म्हातारी एवढ्यानं ओरडली की लाझारोच्या हातातली टोपी पडली. इकडं आतून वच्छलाबाईंची हाक आली, "काय झालं वं, रुचिता? कोन ओरडून राहिलं?"

"काही नाही, आई," रुचिता हसत, डोळे पुसत म्हणाली. विनोदचं ते बरं झालेलं बोट तिच्या मुठीत होतं. "आम्ही धन्यवाद म्हणून राहिलो."